बचावातून प्रतिहल्ला: वरचढ खेळाडूशी बुद्धिबळ खेळताना

जोड्यांच्या यादीत समोरच्याचं रेटिंग आपल्यापेक्षा दोन-तीनशेनं जास्त दिसलं की नवखे खेळाडू साधारण दोन प्रकारे वागतात. काही जण सगळी मोहरी मागच्या दोन ओळींत कोंबून हल्ला कधी येतोय याची वाट बघत बसतात. काही जण "तसंही हरणारच आहोत" असं मनाशी ठरवून दहाव्या चालीला एच७ वर उंट मारून मोकळे होतात. दोघांचाही डाव लवकर आटोपतो, आणि कारणही एकच: समोरच्यानं आत्ता केलेल्या चालीत नेमकं काय आहे, हे दोघांनीही पाहिलेलं नसतं.

या लेखाचा सगळा भर एका गोष्टीवर आहे. कितीही तगडा खेळाडू असला तरी त्याला प्रत्येक चालीला धमकी देता येत नाही. कधी हत्ती हल्ल्यात ओढायला, कधी स्वतःचा राजा कोपऱ्यात सरकवायला, कधी मागचं प्यादं पुढे आणायला त्याला एखादी चाल खर्च करावीच लागते. त्या चालीत तुम्हाला लगेच मारणारं काही नसतं. मी तिला मोकळी चाल म्हणतो. ती येईपर्यंत तग धरायचा आणि आली की ती वाया घालवायची नाही.

पट मांडून वाचा. घरांची नावं नेहमीच्याच पद्धतीनं दिली आहेत: ई४ म्हणजे ई पट्टीतलं पांढऱ्याच्या बाजूनं चौथं घर.

आधी समोरच्याची अडचण समजून घ्या

एलो पद्धतीत, म्हणजे रेटिंग मोजण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, २०० गुणांचा फरक असेल तर वरच्या खेळाडूकडून सरासरी ०.७६ गुणांची अपेक्षा धरलेली असते. म्हणजे शंभर डावांत खालच्यानं बरोबऱ्या धरून चोवीस गुण मिळवायचे. तुमच्याशी बरोबरी झाली तर त्याचं रेटिंग उतरतं. गुणक (एका डावानं रेटिंग किती हलेल ते ठरवणारा आकडा) २० असेल तर एका डावात पाचेक गुण जातात. म्हणून तो सहसा साध्या बरोबरीकडे वळत नाही. पटावर तणाव ठेवतो, प्यादी पुढे रेटतो, तुम्ही चुकावं अशी गुंतागुंत करतो. हे सगळं करताना त्याच्या मोकळ्या चालीही वाढतात आणि मागे उघडी पडलेली घरंही.

२०१६ च्या विश्वविजेतेपदाच्या लढतीत हेच दिसलं. तिसऱ्या आणि चौथ्या डावात विश्वविजेत्या कार्लसननं आव्हानवीर कार्याकिनला तासन्‌तास दाबून धरलं आणि दोन्ही डाव बरोबरीत सुटले. आठव्या डावात पांढऱ्या मोहऱ्यांनी जिंकायचंच म्हणून कार्लसन प्रमाणाबाहेर पुढे गेला आणि हरला. लढत शेवटी त्यानं जलद डावांत जिंकली, ते वेगळं. पण बचावात चिवट माणूस वरच्याला किती अस्वस्थ करतो, हे त्या आठव्या डावात पाहून घ्यावं.

पायरी १: धमकी खरी आहे का, ते तपासा

समोरच्याची चाल झाली की स्वतःची चाल शोधण्याआधी एकच प्रश्न: आत्ता माझी पाळी नसती आणि यालाच आणखी एक चाल मिळाली असती, तर यानं काय केलं असतं? शह, मार, मात करण्याची धमकी, वजिरावर हल्ला, या क्रमानं पाहा. ठोस उत्तर मिळालं तर धमकी खरी. "काहीतरी भयानक होईल असं वाटतंय" हे उत्तर नव्हे. ठोस काहीच सापडत नसेल, तर हीच मोकळी चाल, आणि थेट पायरी ३ कडे जा.

राजाभोवतीची डोकी मोजायची सवयही लावून घ्या. एकटा वजीर सहसा मात करत नाही, त्याला जोडीदार लागतो. आणि राजासमोरची प्यादी जागेवर असतील तर साधारणपणे तिसरं मोहरंही लागतं. हल्ल्यात दोन आणि बचावात तीन मोहरी असतील तर घाबरायचं कारण नसतं, मग समोरच्याचा वजीर एच५ वर कितीही डोळे वटारून बसलेला असो.

पायरी २: कमीत कमी खर्चात बचाव

इथे नवख्यांची सगळ्यात महागडी सवय म्हणजे राजासमोरची प्यादी हलवणं. जी५ वर काही येऊ नये म्हणून एच६ केलं की समोरच्याच्या प्याद्यांना अडकायला आयता हुक मिळतो. तो जी४, जी५ करत येतो, प्याद्यांची मारामारी होते आणि तुमच्या राजासमोरची पट्टी उघडते. एच प्यादं एच७ वरच राहिलं असतं तर तेवढीच पट्टी उघडायला त्याला आणखी चाली लागल्या असत्या. प्यादं मागे घेता येत नाही, म्हणून मोहऱ्यानं भागत असेल तर प्याद्याला हात लावू नका. एफ८ वर घोडा बसवला तर एच७ बऱ्यापैकी सुरक्षित होतं. दिसायला गरीब, पण त्या जागी याच्याइतकं कामाचं मोहरं दुसरं नाही.

दुसरी गोष्ट, हल्ल्यातलं जे मोहरं खरं काम करतंय त्याचीच अदलाबदल करा. बहुतेक वेळा ते वजीर नसतं. डी३ वरून एच७ कडे पाहणारा उंट किंवा ई५ वर ठाण मांडून बसलेला घोडा असतो. तो गेला की वजीर एकटा पडतो.

वजिरावजिरी केली की सुटलो, असं सगळे सांगतात. मला ते अर्धवट पटतं. हल्ला जबरदस्त असेल तर जरूर करा. पण तुम्ही एक प्यादं मागे असाल आणि समोरचा एंडगेममध्ये (मोजकी मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्यात) मुरलेला असेल, तर वजीर काढून तुम्ही त्याचंच काम सोपं करता. त्याला हवा असतो बिनधोक, लांबलचक, तुम्हाला हळूहळू पिळून काढणारा डाव. वजीर पटावर असेपर्यंत त्याच्या राजालाही काळजी असते.

एक धमकी थोपवायला एकच मोहरं पुरत असेल तर दोन लावू नका. दुसरं मोहरं प्रतिहल्ल्यासाठी लागणार आहे.

पायरी ३: प्रत्येक चालीला धमकी, एक उदाहरण जवळून

हा डाव नवख्यांच्या पटावर नेहमी येतो. पांढरा ई४, काळा ई५. घोडा एफ३, घोडा सी६. उंट सी४, घोडा एफ६. चौथ्या चालीला पांढरा घोडा जी५ वर जातो. उंट आणि घोडा दोघांचाही रोख एफ७ वर, आणि त्या प्याद्याला राखायला काळ्याचा एकटा राजा. घोडा एफ७ वर पडला तर डी८ चा वजीर आणि एच८ चा हत्ती एकाच वेळी त्याच्या तावडीत. काळ्याचा एफ८ चा उंट अजून हललेला नाही, म्हणून किल्लेकोटही (कॅसलिंग) करता येत नाही.

काळा खेळतो डी५. उंटाचा रस्ता अडला आणि मध्य उघडायला लागला. बचाव आणि प्रतिहल्ला एकाच चालीत. पांढरा ई प्याद्यानं डी५ मारतो. आता हात आपोआप जातो तो घोड्यानं डी५ परत मारायला. तिथेच घात आहे. पांढरा घोडा एफ७ मारतो, राजानं तो मारला की वजीर एफ३ वर येऊन शह देतो, आणि डी५ चा घोडा टिकवायचा तर राजाला ई६ वर, पटाच्या मधोमध यावं लागतं. तिथून डाव सावरणारे आहेत. नवख्यानं त्या फंदात पडू नये.

त्याऐवजी पाचव्या चालीला काळा घोडा ए५. प्यादं परत घेण्याची घाई नाही, उंटावर हल्ला. उंट बी५ वर जाऊन शह देतो. काळा सी६ नं अडवतो. पांढऱ्याचं डी प्यादं सी६ मारतं, काळ्याचं बी प्यादं ते परत मारतं, आणि उंट पुन्हा माराखाली. तो ई२ वर परततो. काळा एच६: घोड्यावर हल्ला. (वर एच६ ला नावं ठेवली, पण इथे काळ्याचा किल्लेकोट झालेला नाही आणि चाल थेट धमकी देते.) घोडा एफ३ वर परततो. काळा ई४: पुन्हा घोड्यावर हल्ला. घोडा ई५ वर पळतो.

आता पांढऱ्याच्या दहा चालींचा हिशोब मांडा. तीन प्याद्याच्या, चार एकाच घोड्याच्या, तीन एकाच उंटाच्या. बाकी सगळं घरात. काळा एक प्यादं मागे आहे, पण पुढच्याच चालीला उंट डी६ वर आणून पुन्हा घोड्यावर चाल करेल आणि मग किल्लेकोट. चौथ्या चालीला अंगावर आलेला पांढरा दहाव्या चालीला स्वतःचीच मोहरी वाचवत फिरतोय.

इथे काळ्यानं मोकळी चाल मिळण्याची वाटही पाहिली नाही. समोरच्याची तीच तीच मोहरी पुन्हा पुन्हा हलवायला लावून त्यानं त्याच्या मोकळ्या चालीच खाऊन टाकल्या. किंमत एक प्यादं. वरचढ खेळाडूविरुद्ध हा सौदा मला नेहमीच स्वस्त वाटतो. फक्त ए५ चा तो घोडा विसरू नका. काठावर पडून राहिला तर तीस चालींनंतर तोच डाव घालवतो.

पायरी ४: काठावरच्या हल्ल्याला मध्यात उत्तर

समोरचा जी४, एच४ करत तुमच्या राजावर चालून येतोय. ही प्यादी पुढे गेली की त्याचा स्वतःचा राजा उघडा पडतो, आणि मध्यात नेमकं याच वेळी त्याचं लक्ष कमी असतं. म्हणून मोकळी चाल मिळताच बहुतेक वेळा डी५ किंवा ई५ चा धक्का द्यावा. मध्य उघडला की काठावरचा हल्ला मागून तुटतो, कारण आता त्याला मोहरी परत बोलवावी लागतात.

धक्का देण्याआधी दोन गोष्टी बघा. त्या घराला तुमच्या किमान दोन मोहऱ्यांचा किंवा प्याद्यांचा आधार हवा. आणि काळ्याकडून डी५ करत असाल तर पांढऱ्याला ई५ करून पुढे निघून जाता येतं का ते पाहा. तसं झालं तर मध्य उघडण्याऐवजी बंद होतो, तुमचा एफ६ चा घोडा हाकलला जातो आणि काठावरचा हल्ला दुप्पट जोरानं येतो. तुमचा स्वतःचा राजा मध्यातच असेल तर हा धक्का विसरा.

पायरी ५: जे द्यावं लागतं ते द्या

सिसिलियन बचावात (ई४ ला सी५ नं उत्तर देणारी सुरुवात) काळे खेळाडू एक बलिदान सारखं वापरतात. सी८ चा हत्ती सी३ वरचा घोडा मारतो, पांढऱ्याचं बी२ प्यादं तो हत्ती घेतं, आणि मग काळा घोडा ई४ चं प्यादं मारतो, कारण त्याची राखण करणारा सी३ चा घोडाच उरलेला नाही. हिशोबात पाच गुण देऊन चार मिळाले. पण पांढऱ्याचा राजा सी१ किंवा बी१ वर असेल तर त्याच्यासमोरची भिंत फुटली, आणि हल्ला करणारा आता बचाव शोधतोय. दरवेळी चालेल असं नाही. ई४ चं प्यादं मिळत नसेल तर मी नवख्याला हे सुचवणार नाही.

बचावासाठी दिलेल्या हत्तीचं एक गाजलेलं उदाहरण पुढे विश्वविजेता झालेल्या पेट्रोसियनचं. १९५३ ची झ्युरिकची स्पर्धा, समोर पांढऱ्या मोहऱ्यांनी अमेरिकेचा रेशेव्हस्की. पांढऱ्याची प्यादी मध्यात पुढे सरकलेली, काळा जागेअभावी गुदमरलेला. पंचविसाव्या चालीला पेट्रोसियननं हत्ती आपणहून ई६ वर ठेवला, जिथे पांढरा उंट तो मारू शकत होता. उंटानं मारला, काळ्याच्या एफ प्याद्यानं उंट घेतला. पांढऱ्या घरांवरचा उंट गेला आणि काळ्याचा घोडा डी५ वर जाऊन बसला. तिथून त्याला हुसकायला पांढऱ्याकडे काही उरलं नाही. डाव बरोबरीत सुटला. त्या हत्तीकडे करायला काहीच काम नव्हतं, म्हणून त्याची किंमत कागदावरचे पाच गुण कधीच नव्हती. तुमचं कोणतं मोहरं निकामी आहे हे कळलं की काय द्यायचं तेही कळतं.

पायरी ६: राजाला चालायला शिकवा

राजा किल्लेकोटाच्या कोपऱ्यातच सुरक्षित, हा समज पुढे विश्वविजेता झालेल्या कपाब्लांकानं १९१८ मध्ये न्यूयॉर्कला मोडून दाखवला. अमेरिकेच्या मार्शलनं काळ्या मोहऱ्यांनी त्याच्यावर एक प्यादं देऊन नवाच हल्ला चढवला; तो आज मार्शलच्याच नावानं ओळखला जातो. काळा घोडा एफ२ वर पडला, उंट आणि वजीर राजाच्या अंगावर. कपाब्लांकानं घाबरून मोहरी राजाजवळ गोळा केली नाहीत. त्याचा राजा जी१ वरून एफ१, ई२, डी३ करत सी२ वर पोचला. आता गंमत पाहा: काळ्याची हल्लेखोर मोहरी पटाच्या एका टोकाला आणि राजा दुसरीकडे. मग पांढऱ्यानं वजिराच्या बाजूची प्यादी पुढे काढली. बी प्यादं बी७ ला पोचलं आणि ३६ चालींत मार्शल हरला.

यातून एक कामाची खूण घ्या. समोरच्याची तीन-चार मोहरी एका कोपऱ्यात अडकली असतील तर दुसऱ्या बाजूला तुम्ही संख्येनं जास्त असता. प्रतिहल्ला तिकडे करा, जिथे तो आहे तिथे नव्हे.

पायरी ७: बरोबरीची दोरी हाताशी ठेवा

प्रतिहल्ल्याचा शेवट विजयातच व्हावा असं नाही. अर्धा गुण मिळणार असेल तर तो कसा दिसतो हे आधीच माहीत हवं. एक साधी रचना पाठच करून टाका. पांढऱ्याचा राजा जी१ वर, हत्ती एफ१ वर, प्यादी एफ२ आणि एच२ वर, जी प्यादं नाहीसं झालेलं. तुमचा वजीर जी४ वर येऊन शह देतो. राजाला एच१ शिवाय घर नाही. वजीर एफ३ वरून शह, राजा परत जी१. पुन्हा जी४, पुन्हा एफ३. पांढऱ्याचं दुसरं मोहरं मध्ये पडू शकत नसेल तर यातून सुटका नाही. म्हणजे हरत्या डावातही घोडा देऊन ते जी प्यादं उडवता आलं तर अर्धा गुण खिशात. तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल तर ती चाल पटावर न करता आधी कागदावर लिहा, घड्याळ थांबवा आणि पंचांना सांगा. चाल केलीत तर दावा हुकतो.

बरोबरीचा प्रस्ताव मात्र सारखा सारखा देऊ नका. नियमांतही विनाकारण प्रस्ताव देऊन प्रतिस्पर्ध्याला त्रास देणं मना आहे, आणि वरचढ खेळाडूला त्यातून तुमची भीती तेवढी कळते.

घड्याळ

हल्ला सोसताना वेळ प्रचंड जातो. त्यावर साधा उपाय: धमकी खरी आहे आणि उत्तर एकच आहे, अशा वेळी लगेच खेळा. वेळ राखून ठेवायचा तो मोकळ्या चालीसाठी. तिथे दहा मिनिटं गेली तरी चालतील, कारण डावाची दिशा तिथे ठरते.

उलटपक्षी, समोरच्याच्या घड्याळाकडेही लक्ष असू द्या. जून २०२५ मध्ये स्टॅव्हॅन्गरला गुकेश कार्लसनविरुद्ध बराच काळ हरत्या स्थितीत होता. त्यानं काही चमत्कार केला नाही. दर चालीला कार्लसनला काहीतरी सोडवायला लावत राहिला. वेळ कमी उरल्यावर कार्लसननं घोड्याची चुकीची चाल केली आणि डाव फिरला. कार्लसननं टेबलावर आपटलेली ती मूठ साऱ्या जगानं पाहिली, पण त्याआधीच्या तासाभराच्या चाली पाहणारे थोडे.

सराव कसा कराल

हरलेले डाव काढा, इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्रॅम) बंद ठेवा. समोरच्याच्या प्रत्येक चालीपुढे धमकी होती की नव्हती एवढंच लिहा. हल्ला सुरू झाल्यापासून मात होईपर्यंत एकही मोकळी चाल सापडली नाही, असं क्वचितच घडतं. सापडली की त्या जागी तुम्ही काय खेळला होतात ते पाहा. बहुतेक वेळा राजाजवळचं एखादं प्यादं हललेलं दिसेल. त्या स्थितीत दुसरी चाल शोधा आणि मगच इंजिन लावा.

दुसरा सराव जोडीदाराबरोबर. वर दिलेली दहा चालींची स्थिती मांडा, आधी काळ्याकडून खेळा, मग बाजू बदला. पांढऱ्याकडून खेळताना एक प्यादं जास्त असूनही पुढच्या आठ-दहा चाली किती जाचक आहेत ते कळतं. आणि एंडगेममध्ये हत्ती विरुद्ध हत्ती आणि एक प्यादं हा बचाव शिकून घ्या: तुमचा राजा प्याद्याच्या बढतीच्या घराजवळ, हत्ती समोरच्याच्या बाजूनं मोजलेल्या सहाव्या ओळीवर आडवा, म्हणजे समोरच्या राजाला पुढे येता येत नाही. प्यादं त्या ओळीवर आलं की हत्ती थेट पहिल्या ओळीवर न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. फिलिदोरनं हे अठराव्या शतकातच दाखवून ठेवलंय, आणि निम्मे नवखे अजूनही तिथे हत्ती प्याद्यासमोर नेऊन बांधून ठेवतात.